दुव्याची साक्ष

भिवंडीहून आग्रा रोडने नाशिककडे निघाले की शहापूरच्या अलीकडे पडघा लागते. तालुक्याच्या कचेऱ्या भिवंडीला आणि रेल्वे गावातून जात नाही, म्हणून प्रवाशांच्या नकाशावर ते महामार्गावरचे एक गाव एवढेच राहते. महाराष्ट्राच्या वीजजाळ्याच्या नकाशावर मात्र त्याचे स्थान फार वरचे आहे. वीज खात्याच्या कागदपत्रांत त्याला ‘पडघे’ म्हणतात. १९९९ मध्ये चंद्रपूरहून निघालेली डी.सी. प्रवाहाची अतिउच्च दाबाची वाहिनी इथे पोचली. सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची आणि १५०० मेगावॅट क्षमतेची ही वाहिनी विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबईच्या उंबरठ्याशी आणते. तारापूरच्या अणुवीज केंद्राकडून आणि बाभळेश्वरकडून येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या इथल्याच उपकेंद्रात मिळतात आणि इथून वीज कळव्याकडे जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा सरकारने दिलेल्या खुलाशात कळवा–पडघे वाहिनीचे नाव होते. पडघ्यात त्या दिवशी वेगळे काही उगवले नव्हते. त्याचे महत्त्व आधीपासूनच होते, आणि ते गावात काय आहे यापेक्षा गावाला काय काय जोडलेले आहे यातून आलेले होते.

हाच विचार, म्हणजे जाळ्यातल्या ठिकाणाचे मोल त्याच्या जोडण्यांवरून काढावे हा विचार, चंद्रपूर–पडघे वाहिनी उभी राहत होती त्याच वर्षांत इंटरनेटवरच्या शोधाचा पाया झाला. एका वेबपानावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा, म्हणजे लिंक, ही त्या दुसऱ्या पानाच्या बाजूने दिलेली साक्ष मानायची आणि अशा साक्षी मोजून पानांची क्रमवारी लावायची, ही ती कल्पना. गेल्या पाव शतकाचा तिचा इतिहास बहुधा एखाद्या कंपनीच्या यशाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरे काही महत्त्वाचे दिसते. ही क्रमवारी यंत्र लावत असले तरी तिचा कच्चा माल माणसांच्या निवडी आहेत. जे समाज, ज्या भाषा आणि जी गावे एकमेकांविषयीची साक्ष नोंदवून ठेवतात त्यांची ओळख त्यांच्या हाती राहते. जे ठेवत नाहीत त्यांची ओळख इतरांच्या साक्षीवरून ठरते. मराठी वेबचा आणि पडघ्यासारख्या गावाचा प्रश्न इथे येऊन मिळतो.

आधी दुव्यांपूर्वीचा काळ पाहू. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झाले आणि कोट्यवधी पानांतला शब्द न् शब्द शोधता येऊ लागला. पण सापडलेल्या हजारो पानांपैकी आधी कोणते दाखवायचे, हे ठरवायला त्या काळच्या सर्च इंजिनांकडे मुख्यतः पानावरचाच मजकूर होता. शब्द किती वेळा आला, शीर्षकात आला का, पानाच्या माथ्याशी आला का, असे ते हिशेब. त्यातला दोष उघड होता: पान स्वतःविषयी जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागे. एखादा शब्द पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शेकडो वेळा लिहून ठेवला तरी यंत्राला तो अस्सल मजकूर वाटे. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी या अवस्थेचे एक बोलके उदाहरण नोंदवले आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी फक्त एकच स्वतःचे नाव शोधल्यावर स्वतःचे पान पहिल्या दहांत दाखवू शकत होते.

एप्रिल १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला वर्ल्ड वाइड वेबवरची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ब्रिन आणि पेज यांनी २ कोटी ४० लाख पानांवर चालणाऱ्या आपल्या ‘गूगल’ या प्रयोगाची मांडणी केली. तिच्या गाभ्याशी असलेल्या ‘पेजरँक’ची रीत थोडक्यात अशी: प्रत्येक पानाला काही मोल असते आणि ते पान ज्यांच्याकडे दुवे देते त्यांच्यात ते वाटले जाते. ज्या पानाकडे मोलाची पाने बोट दाखवतात ते मोलाचे. ही व्याख्या स्वतःभोवती फिरते, कारण साक्षीदाराचे मोल काढायला त्याच्या साक्षीदारांचे मोल आधी ठाऊक हवे. तोडगा गणिती आहे. सुरुवातीला सर्वांना सारखे मोल द्यायचे, मग वाटप पुन्हा पुन्हा करत राहायचे. आकडे हळूहळू स्थिरावतात. ३२ कोटींहून अधिक दुव्यांच्या संचावर सुमारे ५२ फेऱ्यांत ते पुरेसे स्थिर झाले, असे त्यांनी नोंदवले. शिवाय त्यांनी एक काल्पनिक वाचक गृहीत धरला. तो बहुतेक वेळा समोरच्या पानावरचा एखादा दुवा धरून पुढे जातो आणि अधूनमधून कंटाळून कुठल्या तरी भलत्याच पानावर उडी मारतो. दुवा धरण्याची शक्यता त्यांनी साधारण ०.८५ घेतली. असा वाचक दीर्घ काळ भटकत राहिला तर तो ज्या पानावर अधिक वेळा सापडेल ते पान अधिक वरचे.

ही कल्पना शून्यातून आलेली नव्हती. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानातल्या शोधनिबंधांच्या संदर्भांची सूची करण्याची योजना मांडली आणि १९६४ पासून ती नियमित निघू लागली. कोणत्या निबंधाचा किती जणांनी आधार घेतला, हे त्यातून दिसू लागले. १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी पुढचे पाऊल टाकले: आधार घेणारे नियतकालिक स्वतः किती वजनदार आहे, तेही हिशेबात घ्यावे. वेबच्या बाबतीतही रॉबिन ली यांनी अमेरिकेत १९९६ मध्ये दुव्यांवरून क्रमवारी लावणारी पद्धत तयार केली होती, आणि इटलीच्या मास्सिमो मार्क्योरी यांचा याच दिशेचा निबंध १९९७ चा आहे. जॉन क्लाइनबर्ग यांची रीत तर पेजरँकची समकालीनच. त्यांनी पानांचे दोन प्रकार मानले: विषयावर अधिकाराने लिहिलेली पाने आणि अशा पानांचे चांगले दुवे एकत्र देणारी पाने. एक प्रकार दुसऱ्याला उंचावतो. इतक्या ठिकाणी, इतक्या जवळच्या काळात तोच विचार सुचला, याचे कारण वेबच्या जडणघडणीतच आहे. लोक स्वतःहून, न सांगता, एकमेकांच्या पानांकडे दुवे देत होते. कोणी वेचले नव्हते असे कोट्यवधी निवाडे तिथे उघड्यावर पडलेले होते.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. ब्रिस्बेनच्या त्याच परिषदेत आय.बी.एम.च्या आल्माडेन प्रयोगशाळेतल्या गटाचाही निबंध होता, आणि त्याच्या लेखकांत क्लाइनबर्ग यांच्याबरोबर सौमेन चक्रवर्ती होते. पुढच्याच वर्षी ते पवईच्या आय.आय.टी.त अध्यापक म्हणून रुजू झाले. वेबवरच्या मजकुरातून आणि दुव्यांतून ज्ञान कसे काढावे यावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक २००२ मध्ये निघाले आणि जगभर वापरले गेले. ब्रिस्बेनच्या निबंधाचा मुद्दा असा की दुवा आहे एवढे मोजून भागत नाही, त्याच्या आजूबाजूला काय लिहिले आहे तेही वाचावे. ब्रिन आणि पेज यांनीही दुव्याच्या शब्दांना असेच महत्त्व दिले होते, कारण एखाद्या पानाचे वर्णन ते पान स्वतः करते त्यापेक्षा त्याच्याकडे बोट दाखवणारे अधिक नेमके करतात. या तत्त्वाचा परिणाम पुढे कित्येक वर्षे दिसत राहिला. इंग्रजीत ‘इथे क्लिक करा’ या अर्थाचे शब्द शोधले की अडोबी कंपनीचे पीडीएफ वाचण्याचे सॉफ्टवेअर देणारे पान अगदी वर येई. पीडीएफ ठेवणाऱ्या असंख्य वेबसाइटींनी त्या पानाला नेमक्या त्याच शब्दांनी दुवा दिलेला होता. यंत्राने त्या सगळ्यांची साक्ष जशीच्या तशी नोंदवली.

पडघ्याची तुलना इथपर्यंत चालते आणि इथेच तिची मर्यादाही दिसते. चंद्रपूरहून पडघ्याला वाहिनी आणायची तर जमीन लागते, शेकडो मनोरे लागतात, वर्षे लागतात. म्हणून विनाकारण कोणी ती आणत नाही. वेबवरचा दुवा एका ओळीत आणि फुकट देता येतो. जोवर दुव्याला काही किंमत येत नव्हती तोवर लोक तो केवळ सांगण्यासारखे काही आहे म्हणून देत. क्रमवारी दुव्यांवरून ठरू लागली आणि वरच्या क्रमांकाबरोबर गिऱ्हाईक आणि पैसा येऊ लागला, तसा दुव्यांचा बाजार उभा राहिला. २००० मध्ये आलेल्या गूगल टूलबारवर प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर दिसू लागला आणि या बाजाराला आयता भाव मिळाला. तो आकडा लोकांना दाखवणे २०१६ मध्ये थांबले. एकमेकांना दुवे देण्यासाठीच उभारलेल्या हजारो पोकळ वेबसाइटी निघाल्या. अनेकांनी ठरवून एकाच शब्दांचा दुवा देऊन एखादे पान वर ढकलण्याचे प्रकारही झाले. २००३ मध्ये ‘दारुण अपयश’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द शोधले की अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे सरकारी चरित्रपान पहिले येई. गूगलने त्याचा बंदोबस्त केला तो जानेवारी २००७ मध्ये.

त्यामुळे सर्च इंजिनांना साक्षीदारांची पारख करणे भाग पडले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण मान्य केली. दुव्यावर ती असेल तर त्याला साक्ष मानायचे नाही. वाटेल त्याने येऊन चिकटवलेले दुवे तिने बाद झाले. विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून आपल्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ती खूण लावली. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचे प्रकरण उघड केले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शब्दांच्या शोधात ही कंपनी पहिली येत होती, आणि त्यामागे विषयाशी संबंध नसलेल्या हजारो पानांवर पेरलेले दुवे होते. गूगलने तिला खाली ढकलले. २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू झाला आणि कृत्रिम दुव्यांवर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइटी घसरल्या. दुव्याचे वजन पुन्हा त्यामागच्या खऱ्या निवडीशी बांधण्याचा हा सगळा खटाटोप होता.

इथे पहिला आक्षेप येतो: जी साक्ष इतकी सहज विकली जाते तिच्यावर क्रमवारी उभारणे हीच चूक नव्हती का? या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून दुव्यांचा त्याग करा असा निष्कर्ष निघत नाही. खोटे साक्षीदार आढळले म्हणून न्यायालये साक्ष घेणे बंद करत नाहीत, उलटतपासणी कडक करतात. दुव्यांच्या बाबतीत झाले ते हेच. २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी मांडलेली पद्धत पाहावी: माणसांनी पारखलेली थोडीशी विश्वासार्ह पाने निवडायची आणि तिथून दुव्यांच्या वाटेने कोणते पान किती जवळ आहे ते मोजायचे. बनावट पानांची गावेच्या गावे वसवता येतात, पण एखाद्या जबाबदार विद्यापीठाच्या किंवा ग्रंथालयाच्या पानावरून स्वतःकडे दुवा मिळवणे फार कठीण असते. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांतही पेजरँकचे वर्णन विश्वासार्ह स्रोतापासूनचे अंतर दाखवणारी खूण असेच आले आहे. म्हणजे पंचवीस वर्षांच्या फसवणुकीनंतर मूळ कल्पना बाद झालेली नाही, ती अधिक काटेकोर झाली आहे. ‘किती जणांनी सांगितले’ यापेक्षा ‘कोणी सांगितले’ याला वजन आले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुवा म्हणजे शिफारस, हे गृहीतकच चुकीचे आहे. माणसे निषेधासाठीही दुवा देतात. २०१० च्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या चष्मे विकणाऱ्या एका ऑनलाइन व्यापाऱ्याने वर्तमानपत्राला उघड सांगितले की आपण गिऱ्हाइकांशी मुद्दाम वाईट वागतो, कारण तक्रारींतल्या दुव्यांमुळे आपला क्रमांक वर जातो. गूगलने काही दिवसांतच अशा दुकानांना खाली नेणारा बदल केला. पण दुव्याच्या भोवतीचा सूर वाचून प्रत्येक टीका उणे धरण्याचा सरसकट नियम करायला त्यांनी नकार दिला. ज्या पुढाऱ्यावर किंवा प्रश्नावर कडाडून टीका होते त्याची पानेच मग शोधात खाली जातील, असे त्यांचे कारण होते, आणि ते योग्य होते. दुवा सांगतो की ‘हे लक्षात घेण्यासारखे आहे’. ते चांगले की वाईट, हे तो सांगत नाही. त्याची साक्ष महत्त्वाविषयी असते, चारित्र्याविषयी नसते.

हा फरक पडघ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष आला आहे. ९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय तपास संस्थेने आयसिसशी संबंधित तपासात पडघा आणि लगतच्या बोरिवली गावासह महाराष्ट्र व कर्नाटकात अनेक ठिकाणी छापे टाकले आणि अटका केल्या. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे. इथे विचार करायचा तो गावाच्या नावाचा. ज्या गावाविषयी वेबवर आधी तुरळकच लिहिले गेले होते त्याचे नाव काही दिवसांत देशभरच्या मोठ्या वृत्तसंस्थांच्या मथळ्यांत गेले. या संस्थांच्या वेबसाइटींकडे जगभरातून दुवे येतात, त्यामुळे त्यांच्या पानांना आधीच मोठे वजन असते. त्या बातम्यांवरून पुढच्या बातम्या निघाल्या, त्यांनी मागच्यांना दुवे दिले, आणि प्रत्येक दुव्याच्या शब्दांत गावाचे नाव आणि दहशतवाद शेजारी शेजारी बसले. यात कोणी खोटी साक्ष पेरली असे म्हणता येत नाही. घटना घडली होती आणि बातमी देणे हे वृत्तपत्रांचे कामच. पण दुसऱ्या बाजूला तोलून धरणारी साक्ष फारशी नव्हती. पडघ्याचा बाजार, शाळा, शेती, महामार्गालगत वाढलेली गोदामे, वीज उपकेंद्राचे राज्यातले स्थान यांविषयी एकमेकांना जोडलेली, मराठीत लिहिलेली, नेटकी पाने असती तर ती बातमी गावाच्या ओळखीचा एक भाग झाली असती. ती नसली की तीच ओळख होऊन बसते. हजारो रहिवाशांच्या गावाला थोड्या लोकांवरच्या आरोपांनी ओळखले जाणे हा अन्याय आहे, आणि यंत्राला दोष देऊन तो दूर होणार नाही.

कोणी म्हणेल, लहान गावाने कितीही लिहिले तरी मोठ्यांच्या दुव्यांपुढे त्याचा काय पाड? पडघ्याशेजारचे बोरिवली हे या शंकेचे उत्तम उदाहरण आहे. त्याच नावाचे मुंबईचे उपनगर लाखो लोकांचे. रेल्वे स्टेशन, राष्ट्रीय उद्यान, रुग्णालये, महाविद्यालये या सगळ्यांकडे दुवे येतात. नुसते ‘बोरिवली’ शोधणाऱ्याला भिवंडी तालुक्यातले गाव दिसणे अवघडच. ज्याच्याकडे दुवे आहेत त्यालाच नवे दुवे मिळतात, कारण तोच आधी सापडतो. जाळ्याचा हा गुण खरा आहे. पण सगळे शोध एका शब्दाचे नसतात. ‘पडघा बोरिवली भिवंडी’ असा नेमका शोध घेणाऱ्यापुढे काय यावे, हे ठरवायला थोडेच दुवे पुरतात, कारण तिथे स्पर्धाही थोडीच असते. जिल्हा परिषदेच्या पानावरून शाळेच्या पानाकडे, शाळेच्या पानावरून गावाच्या इतिहासाकडे, महाविद्यालयाच्या प्रकल्प अहवालावरून ग्रामपंचायतीकडे अशा दहा-वीस खऱ्या जोडण्यांनी चित्र बदलू शकते. लहान ठिकाणांना दुव्यांचा उपयोग कमी, हा समज म्हणूनच उलटा आहे. जिथे साक्षीदार मोजके तिथे एकेकाचे वजन जास्त.

मराठी वेबची ही संधी सुरुवातीलाच हुकली, आणि त्याची कारणे तांत्रिक होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सर्वसामान्य संगणकांवर ती नीट चालू लागली विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात. त्याआधी अनेक मराठी वृत्तपत्रांच्या आणि संस्थांच्या वेबसाइटी आपापल्या खास फाँटमध्ये निघत. पडद्यावर मराठी अक्षरे दिसत, संगणकात मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची असंबद्ध जुळणी साठलेली असे. सर्च इंजिनाच्या दृष्टीने त्या पानांवर मराठी नव्हतीच, त्यांच्याकडे जाणाऱ्या दुव्यांचे शब्दही निरर्थक होते. पेजरँकने जगाचे निवाडे गोळा केले त्या वर्षांत मराठीचा निवाडा वाचण्याजोगाच नव्हता. पुढे १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, युनिकोडमध्ये लिहिणारी संकेतस्थळे वाढली, वृत्तपत्रेही बदलली. पण वेबसाइट बदलताना जुन्या पानांचे पत्ते मोडण्याची सवय पडली, आणि पत्ता मोडला की त्याच्याकडे आलेले सगळे दुवे वाया जातात. लिपीची अडचण सुटून आता बराच काळ झाला आहे. तरीही मराठी लेखात दुसऱ्या मराठी लेखाचा दुवा क्वचित दिसतो. दिसला तर ‘येथे क्लिक करा’ एवढेच त्याचे शब्द असतात, त्यातून यंत्राला काही कळत नाही आणि वाचकालाही नाही. चांगला मजकूर सबंध उचलून व्हॉट्सअॅपवर पुढे जातो, खाली ‘साभार’ किंवा ‘लेखक अज्ञात’ असे लिहून. वाचणारे हजारो असतात, पण मूळ लेखकाच्या पानाच्या बाजूने एकही साक्ष नोंदली जात नाही.

यावर आजचा आक्षेप असा की हे सगळे जुने झाले. आता सर्च इंजिने अर्थ समजून घेतात, एआय थेट उत्तर देते, दुवे कोण मोजतो? बदल झाला आहे हे खरे. २०१५ पासून गूगलच्या क्रमवारीत यंत्रशिक्षण आले, २०१९ पासून वाक्याचा संदर्भ समजणाऱ्या पद्धती आल्या. २०१६ मध्ये गूगलच्याच एका प्रतिनिधीने दुवे आणि मजकूर हे दोन प्रमुख घटक असल्याचे सांगितले होते. २०२३ मध्ये दुसऱ्याने दुवे पहिल्या तिनांत नसल्याचे सांगितले. पण वजन कमी होणे आणि संपणे यांत अंतर आहे. आणि एआयचा प्रश्न तर आपल्याला पुन्हा दुव्यांकडेच आणतो. २०१९ मध्ये ओपनएआयने जीपीटी-२ हे भाषा-प्रारूप तयार केले, तेव्हा त्याला शिकवायचा मजकूर निवडण्यासाठी रेडिट या चर्चास्थळावर लोकांनी दिलेले आणि इतरांनी किमान तीन गुणांनी उचलून धरलेले दुवे घेतले. सुमारे साडेचार कोटी दुव्यांतून सुमारे ८० लाख दस्तऐवज निवडले गेले. माणसाने दिलेला दुवा म्हणजे वाचनीयतेची खूण, हेच गृहीतक तिथेही होते. यंत्राचे रूप बदलले; कोणते पान वाचण्याजोगे आहे, हे त्याला अजूनही माणसांनीच सांगावे लागते.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे: लेखकाने यंत्राच्या सोयीसाठी का लिहावे? लिहू नयेच. पण आधार दाखवणे ही यंत्राची गरज होण्यापूर्वी ज्ञानाची गरज होती, आणि मराठीला ती परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, पेजरँकच्या बरोबर शंभर वर्षे आधी. घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळच्या पत्राला जास्त वजन, ही शिस्त त्यांनी मराठी इतिहासलेखनात रुजवली. १९१० मध्ये पुण्यात उभे राहिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ त्याच शिस्तीवर चालले. कोणाचे विधान कशावर उभे आहे, ते वाचकाला मुळापर्यंत जाऊन तपासता आले पाहिजे, हा त्या परंपरेचा आग्रह. दुवा देणे म्हणजे तोच आग्रह वेबवर पाळणे. त्याने लेखकाला श्रेय मिळते, वाचकाला मूळ सापडते, आणि क्रमवारी सुधारते ती त्यांच्या मागोमाग.

म्हणून दुव्यांच्या इतिहासाचा धडा विक्रेत्यांपेक्षा शिक्षकांनी, संपादकांनी, ग्रंथपालांनी आणि ग्रामपंचायतींनी घ्यायला हवा. ज्याचा आधार घेतला त्याच्याकडे दुवा द्यावा. ‘येथे क्लिक करा’ न लिहिता दुव्यात गावाचे, लेखकाचे, विषयाचे नाव लिहावे. जुन्या पानांचे पत्ते मोडू नयेत, बदलावेच लागले तर जुन्यावरून नव्याकडे वाट ठेवावी. मराठी विश्वकोशाची नोंद, जिल्ह्याचे गॅझेटियर, शाळेचा अहवाल, स्थानिक इतिहास यांनी एकमेकांना ओळखावे. हे काम कोणा एकाचे नाही, त्याला मोठा खर्चही नाही. पडघ्याला वीजजाळ्यातले स्थान मिळाले ते राज्याने ठरवून, पैसा आणि वर्षे घालून वाहिन्या आणल्या म्हणून. वेबवरचे स्थान तिथल्या लोकांना आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकेका दुव्याने देता येते. आपण ती साक्ष दिली नाही तर क्रमवारी थांबून राहणार नाही. ती दुसऱ्यांच्या साक्षीवर लागेल आणि पुढच्या पिढ्यांना गाव, भाषा आणि माणसे तशीच दिसतील.